भीती घालण्याआधी पत्ता सांगा: सीमाभागात लसीकरणाचा संदेश कसा लिहावा

बेळगावात टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावाचा अर्थ आठवतो. इंग्रजी अमदानीत येथे देवीची लस तयार होत असे. माझ्या आजीच्या तोंडी मात्र 'लसीकरण' हा शब्द कधीच आला नाही. ती 'देवी काढणे' म्हणे, आणि देवी काढणारा गावात आला की पोरांना कणगीत लपवून ठेवत असत, असे हसत हसत सांगे. तिच्या काळच्या आयांच्या मनात दोन भीती एकाच वेळी नांदत होत्या, एक देवीच्या रोगाची आणि दुसरी देवी काढणाऱ्याची. पोराच्या दंडावर व्रण उठणार की नाही, हे त्या दिवशी त्यांतील कोणती भीती वरचढ ठरते यावर अवलंबून असे.

देवीचा रोग गेला; भारतातील अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झाले. दोन भीतींची ती झटापट मात्र अजून चालू आहे. आशाताई, अंगणवाडी सेविका, शिक्षक, युवक मंडळाचे कार्यकर्ते, महिला मंडळाच्या अध्यक्षा, ग्रामपंचायत सदस्य, अशा ज्या कोणावर लसीकरणाचा फलक लिहिण्याची, भाषण करण्याची किंवा व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकण्याची वेळ येते, त्यांच्यासाठी हा लेख आहे. शाळेत नोकरी करताना आणि नंतरही मी असे पुष्कळ फलक लिहिले. त्यांतील काही निरुपयोगी होते आणि एक तर लाजिरवाणा होता. त्याची हकिकत पुढे येईलच.

पहिली पायरी: घोषणा बाजूला ठेवा आणि यादी हातात घ्या

संदेश लिहिण्यापूर्वी नर्सबाईंकडची, डोस राहिलेल्या मुलांची यादी आशाताईंबरोबर बसून वाचावी आणि प्रत्येक नावापुढे डोस का राहिला याचे कारण लिहावे. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच टाळले जाते. आपण गृहीत धरतो की लोकांना रोगाची भीती वाटत नाही म्हणून ते येत नाहीत. यादी बहुतेक वेळा वेगळेच सांगते.

आपल्या सीमाभागात एक कारण वारंवार सापडते. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यात दिलेली मुलगी बाळंतपणाला चंदगड किंवा गडहिंग्लज तालुक्यातील माहेरी जाते. बाळाचे पहिले डोस महाराष्ट्रात होतात आणि तिथले कार्ड घेऊन ती तीन-चार महिन्यांनी सासरी परतते. इथे तिचे कर्नाटकातील 'तायी कार्ड', म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचे कार्ड, असते, पण त्यात बाळाच्या त्या डोसांची नोंद नसते. माहेरच्या यादीत बाळ 'गावी गेले' आणि सासरच्या यादीत अजून आलेलेच नाही. या आईला गोवराने दगावलेल्या मुलाचे चित्र दाखवून काय मिळणार? तिला एवढेच सांगायला हवे की दोन्ही कार्डे घेऊन या, पुढचा डोस इथेच मिळेल, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरे कारण उसाचे. गळीत हंगामात अथणी, चिकोडी, रायबाग, निपाणी भागात बीड आणि विजयपूरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. त्यांची पोरे पालावर असतात, पहाटे फडात जातात आणि लसीकरण सत्राच्या वेळी वस्तीवर कोणी नसते. तिसरे पावसाचे. भीमगड अभयारण्यातील आमगाव, गवाळी यांसारख्या गावांचा रस्ता जून-जुलैत बंद होतो, आणि अशा गावात 'ताबडतोब दवाखान्यात या' असा फलक लावणे ही निव्वळ थट्टा ठरते.

मग उरतात खरोखर घाबरलेली किंवा नकार देणारी घरे. तेथेही भीती रोगाची नसते. सुईनंतर येणाऱ्या तापाची असते, त्या तापाने बुडणाऱ्या रोजगाराची असते आणि 'कुणी सांगितलं होतं टोचायला' या सासूच्या एका वाक्याची असते. ही कारणे वेगवेगळ्या रकान्यांत मांडली की भीतीचा संदेश ज्यांच्या उपयोगी पडेल अशी घरे किती उरतात ते दिसते. माझ्या अनुभवात ती फार थोडी असतात.

दुसरी पायरी: भीती काय करते, हे आधी समजून घ्या

'भीती घालून काही होत नाही' असे म्हणणारे आणि 'भीतीशिवाय लोक ऐकत नाहीत' असे म्हणणारे, दोघेही अर्धेच बरोबर आहेत. या विषयावर सत्तर वर्षांहून अधिक काळ संशोधन झाले आहे. १९५३ साली जॅनिस आणि फेशबाख या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना दातांच्या निगेविषयी तीन प्रकारची व्याख्याने ऐकवली. सर्वांत जास्त घाबरवणारे व्याख्यान ऐकलेल्या मुलांनी सल्ला सर्वांत कमी पाळला. पुढे २०१५ साली शंभराहून अधिक शोधनिबंधांचा एकत्र अभ्यास झाला, तेव्हा चित्र बदलले. सरासरीने पाहता भीतीचे आवाहन परिणाम करते असे दिसले, विशेषतः उपाय काय हे सोबत सांगितले असेल आणि कृती एकदाच करायची असेल तेव्हा. लस टोचून घेणे ही जवळजवळ तशीच कृती आहे. रोज विडी सोडण्यासारखी ती नाही, आणि म्हणूनच निपाणीतील विड्यांच्या बंडलावर छापलेल्या भीषण चित्राचा अनुभव लसीकरणाला जसाच्या तसा लावता येत नाही. बंडले बांधणाऱ्या बायकांच्या नजरेला ते चित्र दिवसातून शेकडो वेळा पडते, आणि डोळा त्याला कधीच सरावलेला असतो.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो हॉवर्ड लेव्हेंथल आणि सहकाऱ्यांचा १९६५ सालचा प्रयोग. विषय धनुर्वाताच्या लशीचा आणि श्रोते येल विद्यापीठाचे विद्यार्थी. काहींना सौम्य पुस्तिका दिली, काहींना अंगावर काटा आणणारी. भयंकर पुस्तिका वाचलेल्यांनी 'लस घ्यायला हवी' असे अधिक जोराने सांगितले, पण प्रत्यक्ष लस घेणाऱ्यांच्या संख्येत भीती कमी की जास्त याने फरक पडला नाही. फरक पडला तो एका साध्या गोष्टीने. काही विद्यार्थ्यांच्या पुस्तिकेत आरोग्य केंद्राची जागा दाखवणारा नकाशा होता आणि आठवड्याच्या वेळापत्रकात आपण नेमके कधी जाणार हे ठरवायला त्यांना सांगितले होते. असा नकाशा आणि बेत मिळालेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांनी लस घेतली, न मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनी. भीती अजिबात न घालता नुसता नकाशा दिलेल्या विद्यार्थ्यांवर मात्र परिणाम झाला नाही, हेही विसरू नये. म्हणजे थोडी काळजी वाटणे आवश्यक असते. तिच्यावर आणखी भीतीचे थर चढवल्याने पावले उचलली जात नाहीत. पावले उचलली जातात ती वाट दिसल्यावर.

असे का होते, याची मांडणी किम विट यांनी १९९२ साली केली. धोका खरा वाटला आणि उपाय आपल्या आवाक्यात आहे असेही वाटले, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोका खरा पण उपाय हाताबाहेरचा वाटला, तर तो भीतीचाच बंदोबस्त करतो. फलकाकडे पाठ फिरवतो, 'आमच्या घरात कुणाला काय झालंय' म्हणतो किंवा सांगणाऱ्यालाच खोटे ठरवतो. गावात ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, तो पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचा बंदोबस्त असतो.

उलटा परिणामही होऊ शकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात दीड हजाराहून अधिक पालकांना गोवराच्या लशीविषयी निरनिराळे संदेश दिले गेले. आजारी मुलांची छायाचित्रे पाहिलेल्या पालकांमध्ये लशीमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते हा गैरसमज वाढला. मरणाच्या दारातून परतलेल्या बाळाची कहाणी वाचलेल्यांमध्ये लशीचे गंभीर दुष्परिणाम होतात ही समजूत वाढली. चारांपैकी एकाही संदेशाने लस देण्याचा इरादा वाढला नाही. चित्र रोगाचे होते, पण भीती सुईला चिकटली. माझ्या आजीला याचे आश्चर्य वाटले नसते.

तिसरी पायरी: न्यायाची चाळणी

एखादी भीती परिणामकारक ठरली म्हणून ती योग्य ठरत नाही. हा मुद्दा आरोग्याच्या प्रचारात फार सहज निसटतो, कारण हेतू चांगला असतो. संदेश छापण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: हे खरे आहे का? हे पुरते आहे का, की सोयीचा अर्धाच भाग आहे? ऐकणारा यावर आज काही करू शकतो का? आणि या संदेशाची किंमत कोण मोजणार आहे?

चौथा प्रश्न मी स्वतः विसरलो होतो. पल्स पोलिओच्या सुरुवातीच्या काळात खानापूर तालुक्यातील एका गावच्या शाळेत मी एक फलक रंगवला होता. काळ्या पार्श्वभूमीवर कुबड्या घेतलेला मुलगा आणि खाली लाल अक्षरांत 'याला जबाबदार कोण?' शाळेचे गणवेश शिवणारे शिंपी लहानपणी पोलिओ झालेले होते आणि कुबडीवर चालत. गणवेशांची मापे घ्यायला ते आले, फलकासमोर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, चित्र कशाला काढलासा? मी गावात हाय की." त्यांनी मापे घेतली, चहाही घेतला. फलक मी त्याच संध्याकाळी उतरवला, पण त्या आठवड्यात त्यांच्या दोन्ही मुलांनी तो वाचलेला होता. आयुष्यभर कष्टाने संसार केलेल्या माणसाला मी धाकाचे चित्र करून टाकले होते, आणि त्याच्या आईबापांना, ज्यांच्या काळी त्या वाडीवर लस पोचलीच नव्हती, गुन्हेगार ठरवले होते. रोगाची भीती दाखवताना रोग झालेल्या माणसाची भीती दाखवायची नसते. ही सीमारेषा बारीक नाही. आपण तिच्याकडे पाहत नाही, एवढेच. एखाद्याचे खरे छायाचित्र किंवा हकिकत वापरायची असेल, तर त्याची आणि मूल असल्यास पालकांची स्पष्ट परवानगी हवी, आणि ती नाकारण्याची मुभाही हवी.

धाकाचा दुसरा प्रकार रोगाचा नसून सत्तेचा असतो. कोविडच्या काळात 'लस नाही तर रेशन नाही' अशी वाक्ये आपण सर्वांनी कोठे ना कोठे ऐकली. याला जुना इतिहास आहे. १८९७ साली साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरात शिरून झडत्या झाल्या, लोकांनी रुग्ण लपवले, आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. आरोग्य खात्याचा माणूस दारात आला की दार लावायचे, ही सवय अशाच अनुभवांतून घडते. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोविड लशीसंबंधी निकाल देताना कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, शरीराची अखंडता हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्क आहे, असे स्पष्ट केले. त्याच निकालात न्यायालयाने लसीकरणाचे धोरण अवाजवी ठरवले नाही आणि सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही मान्य केला. म्हणून रेशन, पेन्शन किंवा शाळेचा दाखला अडवण्याची धमकी कार्यकर्त्याने आपल्या तोंडून कधीही देऊ नये. तिने एक सुई टोचली जाते, पण पुढच्या दहा सुयांवरचा विश्वास उडतो.

चौथी पायरी: प्रत्यक्ष लिहिणे

गोवराचे उदाहरण घेऊ. नेहमीचा फलक असा असतो: 'सावधान! गोवर जीवघेणा आहे. आपल्या बालकाचे प्राण वाचवा. आजच लसीकरण करा.' यात खोटे काही नाही, पण आजच म्हणजे कोणत्या दिवशी, आणि कोठे? सत्र महिन्यातून एकदा असेल, तर 'आजच' हा शब्द एकोणतीस दिवस खोटा असतो.

मी तोच मजकूर आता असा लिहितो:

'घरात एकाला गोवर झाला, तर त्याच्या जवळ वावरणाऱ्या आणि लस न घेतलेल्या दहा जणांपैकी नऊ जणांना तो होऊ शकतो. बहुतेक मुले बरी होतात, पण काहींना न्यूमोनिया होतो, काहींच्या मेंदूला सूज येते आणि काही दगावतात. मूल नऊ महिन्यांचे पूर्ण झाल्यावर एक आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरा, असे दोन डोस घेतले की चांगले संरक्षण मिळते. येत्या गुरुवारी सकाळी दहा ते दुपारी दोन, मराठी शाळेशेजारच्या अंगणवाडीत. मोफत. तारीख उलटून गेली असली तरी या. कार्ड हरवले असले तरी या. सुईनंतर ताप आला तर काय करायचे ते नर्सबाई सांगतील, आणि त्या दिवशी रात्रीही आशाताईंचा फोन चालू असेल.'

यात भीती आहे, पण ती तिच्या मापाची आहे. 'बहुतेक मुले बरी होतात' हे वाक्य गाळण्याचा मोह होतो. ते गाळू नये, कारण गावात प्रत्येकाने गोवर होऊन बरे झालेले मूल पाहिलेले असते. ते वाक्य नसले, तर वाचणारा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि फलकाला खोटे ठरवतो. 'तारीख उलटून गेली असली तरी या' या वाक्याने मी पाहिलेला सर्वांत मोठा फरक पडला. उशीर झालेल्या आयांना रोगापेक्षा नर्सबाईंच्या रागाची भीती जास्त असते.

शब्दांची निवडही तपासून घ्यावी. आपल्याकडच्या वृद्ध बायकांच्या बोलण्यात जखमेतून पाझरणाऱ्या पाण्यालाही 'लस' म्हणतात, म्हणून 'लस देणे' हा शब्द कानाला तितकासा शुभ वाटत नाही. 'टोचून घेणे', 'डोस' हे शब्द घरचे आहेत. गोवर किंवा कांजिण्या आल्या की उंबऱ्यावर कडुलिंबाचा पाला बांधणारी आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवणारी घरे अजूनही आहेत. तेथे 'अंधश्रद्धा सोडा' हे वाक्य फलकावर लिहिले, की आजी पुढचे वाचत नाही. पाला बांधल्याने कोणाचे नुकसान होत नाही, सुई चुकल्याने होते. भांडण नेमके कशाशी आहे हे लक्षात ठेवावे.

पाचवी पायरी: सुईची भीती तोंडावर मांडा

रोगाच्या भीतीवर पानेच्या पाने लिहिणारे सुईच्या भीतीबद्दल गप्प राहतात. हे परिणामाच्या दृष्टीने चूक आहे आणि नीतीच्या दृष्टीनेही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित, डोसनंतर एक-दोन दिवस ताप, सुईच्या जागी सूज आणि किरकिर होऊ शकते. बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगाच्या लशीच्या, जागी काही आठवड्यांनी फोड येतो, फुटतो आणि व्रण राहतो. त्यावर हळद, चुना, तेल काही लावायचे नसते. गोवर-रुबेलाच्या डोसनंतर आठवडा-दीड आठवड्याने काही मुलांना ताप येतो आणि अंगावर बारीक पुरळ उठते. हे आधी सांगितले नसेल, तर गल्लीत 'लशीनंच गोवर आला' ही बातमी संध्याकाळपर्यंत पोचते, आणि सांगणारी आई खोटे बोलत नसते.

नर्सबाईंनी प्रत्येक आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली व ती कोणत्या रोगासाठी, काय त्रास होऊ शकतो व त्यावर काय करायचे, पुढचा डोस केव्हा, आणि कार्ड जपून ठेवा व प्रत्येक वेळी आणा. गर्दीत यांतील दुसरी गोष्ट नेमकी सुटते. कार्यकर्त्याला एकच काम करता येत असेल, तर त्याने केंद्राबाहेर थांबलेल्या आयांशी ती दुसरी गोष्ट बोलावी. टोचल्यानंतर अर्धा तास थांबायचेच असते. तेवढा वेळ पुरतो. तापाच्या औषधाचे प्रमाण मात्र वजनावर ठरते, ते नर्सबाईंनीच सांगायचे. आपण अंदाजाने सांगायचे नाही.

आपल्या जिल्ह्यात तर गप्प राहण्याचा अधिकार कोणालाच उरलेला नाही. जानेवारी २०२२ मध्ये रामदुर्ग तालुक्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बालके दगावली. लस हाताळण्यातील निष्काळजीपणाकडे बोट दाखवले गेले आणि कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य त्या काळात जिल्ह्यात कोणी उच्चारले असेल, तर ते ऐकणाऱ्या आईला काय वाटले असेल? ती अफवा नव्हती. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले, तेव्हाही घात झाला तो लशीमुळे नव्हे, एका बाटलीत शिरलेल्या जंतूंमुळे. हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसायला मात्र कित्येक वर्षे लागली.

अशा वेळी आईच्या भीतीला उत्तर द्यायचे ते तिच्या हाती प्रश्न देऊन. गोवर-रुबेला आणि बीसीजीची पूड सोबतच्या द्रवात मिसळल्यानंतर चार तासांच्या आत वापरायची असते, उरलेली टाकून द्यायची असते, आणि बाटली केव्हा उघडली ती वेळ तिच्यावर लिहायची असते. म्हणून 'बाई, बाटली कितीला उघडली?' हे विचारायला आईला शिकवावे. सुई नव्या पाकिटातून समोर काढली का, एकदा वापरून आपोआप निकामी होणारी आहे का, आणि रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा, हेही विचारावे. काही कर्मचाऱ्यांना हे प्रश्न आवडत नाहीत. चांगल्या नर्सबाईंना आवडतात. आमच्याकडच्या एक सिस्टर आता विचारण्याआधीच बाटली उंच धरून वेळ दाखवतात.

सहावी पायरी: कोण बोलणार, कोठे आणि कोणत्या भाषेत

न कळणाऱ्या भाषेतील सूचना मुळातच धाकासारखी वाटते. खानापूर, बेळगाव, निपाणी परिसरातील अनेक मराठी घरांत कानडी बोलता येते, पण वाचता येत नाही. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद जुनी आहे आणि तिच्यासाठीची झगडणीही जुनी आहे. ती झगडणी चालू राहील. तोवर आशाताईंनी तायी कार्डावरील पुढची तारीख मोठ्याने वाचून दाखवावी आणि शेजारी मराठी आकड्यांत लिहावी. फलक कानडी आणि मराठी, आणि जेथे गरज असेल तेथे उर्दू, असा एकाच कागदावर असावा. रोगाला सीमाप्रश्न नसतो आणि आरोग्याच्या फलकावरून वाद झाला तर डोस दोन्हीकडच्यांचे चुकतात. गंमत म्हणजे कानडीत लशीला 'लसिके' म्हणतात, त्यामुळे कानडी सिस्टर काय म्हणतात ते आजीला बरोबर कळते.

जागा निवडताना सभागृहापेक्षा कामाची जागा बरी. निपाणीकडे विड्या वळणाऱ्या बायकांची ओसरी, संक्रांतीनंतरचे हळदीकुंकू, भजनी मंडळाची बैठक, उसाच्या टोळीचा मुकादम जेथे उचल वाटतो ती जागा. गावच्या देवस्थान पंच कमिटीला आधी विचारावे. यात्रेपूर्वी अनेक गावांत वार पाळणूक असते आणि त्या दिवशी शेतीची कामे बंद असतात. पंचांनी संमती दिली, तर तोच दिवस सत्राला उत्तम, कारण बायका घरी सापडतात. हे कोणत्याही सरकारी मार्गदर्शिकेत सापडणार नाही.

वक्ता म्हणून डॉक्टरांपेक्षा, मागच्या महिन्यात मुलाला टोचून आणलेली शेजारीण अधिक उपयोगी पडते. तिने 'एक रात्र ताप होता, सकाळी उतरला' एवढे सांगितले तरी बस्स.

सातवी पायरी: व्हॉट्सॲप

याविषयी थोडक्यातच. कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळांतून डोस द्यायचे होते, आणि फोनवर उलटसुलट मजकूर फिरू लागला. अशा वेळी चुकीच्या संदेशाचे छायाचित्र काढून 'हे खोटे आहे' असे लिहून पुढे पाठवू नये; लोकांच्या लक्षात छायाचित्र राहते आणि आपली ओळ पुसली जाते. आधी खरी गोष्ट लिहावी, मग अफवेचा उल्लेख एका वाक्यात, मग पुन्हा खरी गोष्ट आणि शेवटी कोणाला विचारायचे ते. भयंकर मजकुराला त्याहून भयंकर मजकुराने उत्तर देण्याची स्पर्धा आपण हरणारच आहोत, कारण खोट्याला मर्यादा नसते.

आठवी पायरी: छापण्याआधी वाचून दाखवा आणि नंतर मोजा

मजकूर पाच जणांना वाचून दाखवावा, आणि त्यांत किमान एक आजी, एक नवी सून आणि एक लस नाकारलेल्या घरातील माणूस असावा. 'कसे वाटले?' असे विचारू नये. सगळे 'छान' म्हणतात. 'यात काय करायला सांगितलं?' असे विचारावे. सत्रानंतर आलेल्यांची संख्या पहिल्या यादीशी ताडून पाहावी आणि नुसती बेरीज न करता रकान्यांनुसार पाहावी: माहेरवाशिणी किती आल्या, टोळीवरची मुले किती, तापाला घाबरलेली घरे किती. ज्या रकान्यात हालचाल नाही, त्याच्यासाठी संदेश बदलावा किंवा संदेशाऐवजी वाहनाची सोय करावी. पहिल्या डोसला येऊन दुसऱ्याला न आलेल्यांची गणती वेगळी ठेवावी, कारण धाकाने आलेले लोक बहुधा याच रकान्यात सापडतात.

गोवराचा वर दिलेला मजकूर मी जांबोटी रस्त्यावरील एका वाडीत सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना वाचून दाखवला होता. त्याचा पहिला मसुदा ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "गोवर लई वाईट बघ." मी तो फाडला. तिसऱ्या मसुद्यानंतर त्यांनी नातसुनेकडे वळून सांगितले, "बेस्तरवारी धा वाजता साळंजवळ. कार्ड गावना तर तसंच जा म्हणं. ताप आला तर भ्यायचं न्हाई." तो मसुदा आम्ही छापायला दिला.